बांधावरचा पाला, पिंजऱ्यातला ससा

यंदाच्या अंकाचा विषय 'झाड' असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा देवराया, वडाचे पार, रस्तारुंदीकरणात गेलेली चिंचेची झाडं असं बरंच काही डोळ्यांपुढून गेलं. त्यावर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. मला झाडाचा असा उपयोग पाहायचा होता, ज्यात एखाद्या घराचा महिन्याचा खर्च अडकलेला आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात काही शेतकरी सुबाभळीचा आणि शेवग्याचा पाला वाळवून, भरडून सशांच्या खाद्यात मिसळतात, असं कानावर आलं होतं. म्हणून दौंडच्या बाजूला गेले.

पत्र्याची शेड होती. ऊन आत येऊ नये म्हणून पत्र्यावर उसाचं पाचट पसरलेलं आणि पश्चिमेच्या बाजूला ओली गोणपाटं टांगलेली. सशाला पंधरा ते पंचवीस अंशांचं हवामान मानवतं. पारा तिशीपलीकडे गेला की तो आधी खाणं कमी करतो आणि मग वाढ थांबते. आत जाळीचे पिंजरे कमरेच्या उंचीवर मांडलेले होते, खाली लेंड्यांचा थर. मालकीणबाई एकेका पिंजऱ्यातली खाद्याची पन्हळ झटकून उरलेलं वेगळं काढत होत्या. "ताई, काय खाल्लं ते सगळेच बघतात. काय टाकलं ते बघायला पाहिजे," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातातल्या टोपलीत बारीक धूळ झालेलं खाद्य होतं. दाणेदार भाग सशांनी संपवला होता आणि धूळ तशीच ठेवली होती.

ससेपालनात एकूण खर्चातला साठ ते सत्तर टक्के वाटा खाद्याचा असतो. तयार गोळी पेंड महाग पडते. घास लावावा तर त्याला बारमाही पाणी हवं. इथे होळी झाली की विहिरी तळ गाठतात, बोअर धापा टाकू लागते आणि सगळ्यात आधी घासाचं पाणी तुटतं. त्याच दिवसांत बांधावरची सुबाभूळ मात्र हिरवीगार असते, कारण तिचं मूळ खोल गेलेलं असतं आणि तिला कुणी पाणी दिलेलं नसतं. पाल्याच्या भुकटीचं सगळं अर्थकारण या एका गोष्टीत आहे: जिथे घास जगत नाही, तिथे झाड प्रथिनं तयार करत असतं.

आधी पोट समजून घ्यावं

पाला कुठल्या जनावराला किती चालेल, हे त्या जनावराच्या पोटावर ठरतं. शेळी आणि गाय रवंथ करतात. त्यांच्या पोटाचा पहिलाच कप्पा जंतूंनी भरलेला असतो आणि चारा तिथे आंबतो. कोंबडीला आणि डुकराला ती सोय नाही, म्हणून त्यांना धान्य आणि पेंड लागते. ससा या दोघांच्या मधला. तो रवंथ करत नाही, पण लहान आतडं संपतं तिथे त्याला भलंमोठं अंधांत्र असतं. पचनमार्गातल्या एकूण ऐवजापैकी साधारण चाळीस टक्के ऐवज त्या एका पिशवीत असतो. आंबवण्याचं काम तिथे चालतं.

पण या पिशवीत सगळंच जात नाही. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला निवड होते. जाड तंतू पुढे ढकलले जातात आणि कोरड्या, गोल लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक कण आणि विरघळलेला भाग मागे फिरून अंधांत्रात जातो. तिथे जंतू त्यावर वाढतात. दिवसातल्या ठरावीक वेळी हा माल मऊ, ओलसर, द्राक्षाच्या घडासारख्या चिकटलेल्या गोळ्यांच्या रूपात खाली येतो आणि ससा तोंड वाकवून तो थेट गुदद्वारापाशीच उचलतो, न चावता गिळतो. नवखा माणूस हे पाहून घाबरतो, जनावर आजारी आहे असं समजतो. खरं तर हा त्याच्या पचनाचा दुसरा फेरा असतो. कोरड्या लेंडीत कोरड्या वजनाच्या तेरा-चौदा टक्के प्रथिनं निघतात, या मऊ गोळ्यांत ती दुपटीच्या आसपास असतात. शिवाय ब गटातली जीवनसत्त्वं मिळतात ती वेगळीच.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, पाल्यातली प्रथिनं ससा चांगली पचवतो. चोथ्याच्या वाटेला तो फारसा जात नाही. चोथा झटपट बाहेर टाकून आतला कस काढून घेतो. त्यामुळे पाला हे कोंबडीपेक्षा सशाच्या पोटाला कितीतरी अधिक मानवणारं खाद्य आहे. दुसरी गोष्ट, चोथा पचत नसला तरी तो लागतोच. आतडं हलतं ठेवण्याचं काम तो करतो. खाद्यात धान्य जास्त आणि चोथा कमी झाला, तर अंधांत्रात नको ते जंतू माजतात, पोट फुगतं, हगवण लागते आणि दूध तुटलेली पिल्लं एकेका रात्रीत दगावतात. सशाला उलटी करता येत नाही. एकदा पोटात गेलेलं चुकीचं खाद्य परत फिरत नाही.

पिल्लांचं दूध चार-पाच आठवड्यांनी तुटतं. त्यानंतर बाराव्या आठवड्यापर्यंत ती दोन किलोच्या आसपास नेणं हे पाळणाऱ्याचं काम. या वयात खाद्यात सोळा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, तेरा-चौदा टक्के चोथा आणि किलोमागे सुमारे अडीच हजार किलोकॅलरी पचनीय ऊर्जा लागते. युरोप-अमेरिकेत हा मेळ लसूणघासाच्या भुकटीवर घातला जातो. अमेरिकेत ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या पीटर चीक यांनी सशाच्या आहारावर अनेक वर्षं काम केलं, त्यांच्याही मांडणीत घास मध्यवर्ती आहे. कोरडवाहू मुलखात घासाच्या जागी काय, या प्रश्नाचं उत्तर शोधताना उष्ण कटिबंधातले अभ्यासक झाडांकडे वळले.

उरुळीची सुबाभूळ

सुबाभूळ मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. महाराष्ट्रात ती घराघरांत पोहोचली ती मुख्यतः मणिभाई देसाई आणि उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेमुळे. गांधीजींच्या निसर्गोपचार आश्रमाचं काम करायला आलेल्या मणिभाईंनी 1967 मध्ये ही संस्था उभी केली. संकरित गाई देऊन भागणार नाही, त्यांना चाराही द्यावा लागेल, हे त्यांनी ओळखलं होतं. हवाईत निवडलेले उंच वाढणारे वाण त्यांनी इथे लावले, वाढवले आणि बी गावोगाव पोहोचवलं. 1982 मध्ये मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सुबाभूळ बांधाबांधावर दिसू लागली होती.

पुढे तिच्याबद्दल तक्रारीही आल्या. 1988 च्या सुमारास पानं शोषणारी एक बारीक कीड भारतात पोहोचली आणि कोवळे शेंडे करपले. शेंगा फुटून बी इतकं पसरतं की जगातल्या शंभर उपद्रवी आगंतुक प्रजातींच्या यादीत या झाडाचं नाव आहे. गावाकडे याला उपाय आहे आणि तो पाल्याच्या कामाशी जुळणारा आहे: शेंगा पिकायच्या आत छाटत राहायचं. वेळेवर छाटलेली सुबाभूळ बी टाकत नाही आणि पुन्हा पुन्हा कोवळा फुटवा देते.

डहाळी ते भुकटी

छाटणी सकाळी लवकर होते. बोटाएवढ्या जाड डहाळ्या कोयत्याने उतरवून शेडमागच्या सावलीत ताडपत्रीवर पसरतात. उन्हात टाकल्या तर लवकर वाळतात, पण रंग उडतो आणि रंगाबरोबर कॅरोटीनही जातं. म्हणून पहिल्या दिवशी थोडं ऊन आणि मग सावली, अशी त्यांची पद्धत. दिवसातून दोनदा काठीने पाला खालीवर करतात.

सुबाभळीचा एक गुण इथे कामाला येतो. वाळली की तिची चिमुकली पानं देठावर राहत नाहीत, आपोआप गळतात. मालकीणबाईंनी एक डहाळी उचलून ताडपत्रीवर दोनदा झटकली. हिरवा चुरा भुरभुर खाली पडला आणि हातात नुसता काड्यांचा सांगाडा राहिला. काड्या चुलीकडे गेल्या, चुरा सुपात. सुपातून पाखडताना देठांचे तुकडे पुढे आले, ते त्यांनी बाजूला काढले. मूठभर चुरा घट्ट दाबून त्यांनी तळहात उघडला. "मूठ उघडल्यावर असा मोकळा झाला तर वाळला म्हणायचं. गोळा राहिला तर पोत्यात बुरशी ठरलेली," त्यांनी सांगितलं. शास्त्राच्या भाषेत हा ओलावा दहा-बारा टक्क्यांच्या खाली आणायचा असतो.

ओल्या पाल्यात सत्तर-पंचाहत्तर टक्के पाणीच असतं, त्यामुळे चार किलो पाल्यातून जेमतेम एक किलो भुकटी मिळते. हे प्रमाण ऐकून माणूस दचकतो, पण गरजेशी ताडून पाहावं. वाढीच्या वयाचे पन्नास ससे रोज शंभर ग्रॅमच्या हिशेबाने पाच किलो खाद्य खातात. त्यात पंधरा टक्के पाल्याची भुकटी धरली तर रोज पाऊण किलो, म्हणजे तीन किलो ओला पाला लागतो. बांधावरची मोजकी झाडं पाळीपाळीने छाटली तरी तेवढं भागतं.

भरडताना चाळणीकडे लक्ष हवं. पीठ करायचं नाही. एक कारण टोपलीतल्या धुळीने आधीच सांगितलं: ससा धूळ खात नाही, ती नाकात जाऊन शिंकतो आणि खाद्य वाया जातं. दुसरं कारण पोटातलं. फार बारीक दळलेला चोथा जाड कणांसारखा पुढे सरकत नाही, अंधांत्रात रेंगाळतो आणि पोट बिघडवतो. म्हणून जाड चाळणी लावून भरडा करावा आणि शक्य असेल तर गोळी पाडून घ्यावी. गोळीचं यंत्र नसलेले काही जण गुळाच्या पाण्याचा हबका मारून ओलसर गोळे वळतात. ते त्याच दिवशी संपवावे लागतात, नाहीतर आंबतात.

पानातलं विष

सुबाभळीच्या वाळल्या पाल्यात वीस ते पंचवीस टक्के प्रथिनं असतात, हे ऐकून कुणालाही वाटेल की पेंड बंद करून पाल्याचीच पोती भरावीत. तिथेच थांबायला हवं. या पानात मिमोसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. कोरड्या पाल्यात ते दोन ते पाच टक्क्यांपर्यंत भरतं, कोवळ्या शेंड्यात आणि बियांत सर्वांत जास्त. ते जास्त पोटात गेलं की केस गळतात, वाढ खुंटते, माद्या नीट गाभण राहत नाहीत. त्यापासून तयार होणारा दुसरा पदार्थ गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवर परिणाम करतो.

मग शेळ्या कशा खातात? हाच प्रश्न ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांना पडला होता. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ चरणारी जनावरं आजारी पडत, हवाईतल्या शेळ्या मात्र ठणठणीत असत. हवाईतल्या जनावरांच्या पोटात या विषाचा निचरा करणारा जंतू आहे, असं त्यांनी ताडलं. तो ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडला आणि गुरं सुधारली. पुढे त्या जंतूला जोन्स यांच्याच नावावरून सिनर्जिस्टिस जोन्सी असं नाव मिळालं.

सशाला रवंथाचा कप्पा नाही. मिमोसिन त्याच्या अंधांत्रापर्यंत पोहोचायच्या आधीच लहान आतड्यातून रक्तात शिरतं. म्हणून शेळीला चालतं ते सशाला चालेल, हा तर्क इथे साफ फसतो. उपाय आहेत, पण ते मर्यादित आहेत. पाला पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिलं तर मिमोसिनचा बराच भाग निघून जातो, पण त्याबरोबर थोडा कसही जातो. ओलसर पाल्याला सत्तर अंशांच्या वर उष्णता दिली तरी ते घटतं. प्रयोगांत खाद्यामध्ये फेरस सल्फेट मिसळतात. लोह मिमोसिनला बांधून ठेवतं. नुसतं वाळवून मात्र ते पुरतं जात नाही. शेतावर पाळता येईल असा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे प्रमाण. साधारण दहा टक्क्यांपासून सुरुवात, पंधरावर मुक्काम आणि वीसच्या पुढे जायचं नाही. पैदाशीच्या माद्यांना ही भुकटी न दिलेलीच बरी.

शेवगा, तुती आणि बाकीची मंडळी

सोलापूर जिल्ह्यात शेवग्याच्या बागा वाढल्या आहेत. शेंगांचा हंगाम संपला की झाडं छाटतात आणि हिरव्या फांद्यांचे ढीग बांधावर पडून वाळतात. शेवग्याच्या पानात सुबाभळीइतकीच प्रथिनं, भरपूर कॅरोटीन आणि मिमोसिनचं नावही नाही. सशाच्या दृष्टीने ते अधिक निर्धोक आहे. एक पथ्य मात्र पाळावंच लागतं: बागेवर कीटकनाशकाची फवारणी झाली असेल, तर औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेला काळ उलटल्याशिवाय तो पाला घ्यायचा नाही. दोन किलोच्या जनावराला तेवढा अंशही भारी पडू शकतो.

या बाबतीत तुतीचा पाला सर्वांत विश्वासाचा. मराठवाड्यात रेशीमशेती पसरली आहे, जालन्याला कोषांची बाजारपेठ उभी राहिली आहे. फवारलेल्या पाल्याने रेशीमअळी मरते, त्यामुळे तुतीचा मालक औषधाला हात लावताना दहा वेळा विचार करतो. त्याचा फायदा सशाला मिळतो. ससे तुतीचं पान आवडीने खातात, कोवळी साल सोलूनही खातात. पण अळ्यांच्या रॅकवर उरलेला पाला उचलू नये. त्यावर निर्जंतुकीकरणाची भुकटी धुरळलेली असते. शेतातून थेट तोडलेला घ्यावा.

कोकणात कुंपणाला गिरीपुष्प असतं. त्यातही प्रथिनं चांगली, पण कुमारीन नावाच्या पदार्थामुळे त्याला एक वास असतो आणि ससे ते पहिल्यांदा नाकारतात. मध्य अमेरिकेत हाच पाला उंदीर मारायला वापरतात. नीट वाळवलेला, थोड्या प्रमाणातला पाला चालतो. ओला राहून बुरशी धरली तर कुमारीनपासून रक्त गोठू न देणारा पदार्थ तयार होतो आणि जनावर आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतं. बाभळीच्या पाल्यात टॅनिन जास्त, ते प्रथिनांना धरून ठेवतं. कडुनिंब कडू असल्याने ससे खाणंच कमी करतात. प्रत्येक झाडाचा स्वभाव वेगळा आहे. 'झाडपाला' या एका नावाखाली सगळं पोत्यात भरणं हा धोका आहे.

शंभर किलोचं पोतं

मालकीणबाईंच्या यजमानांनी भरडा मिसळताना दाखवलं. त्यांच्या पद्धतीला जवळचा आणि आहारशास्त्रात बसणारा एक मेळ असा: मक्याचा भरडा पंचवीस किलो, गव्हाचा कोंडा तीस, शेंगदाणा पेंड दहा, पाल्याची भुकटी पंधरा, तुरीचा भुसा अठरा आणि खनिज मिश्रण व मीठ मिळून दोन किलो. यात प्रथिनं सोळा टक्क्यांच्या आसपास येतात, चोथा तेरा टक्क्यांच्या आगेमागे. सोळातली साडेतीन टक्के प्रथिनं एकट्या पाल्याची. तेवढी विकत आणायची तर शंभर किलोमागे आठ-साडेआठ किलो शेंगदाणा पेंड वाढवावी लागेल. पाल्याने वाचवलेला खर्च तो हाच.

शेंगदाणा पेंड घेताना वास आणि रंग पाहावा. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन सशाला इतर जनावरांपेक्षा फार लवकर मारतं. पावसाळ्यात पेंडही आणि पाल्याची भुकटीही फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावी. कोरडं खाद्य वाढलं की पाणी वाढवावं लागतं. खाद्याच्या वजनाच्या दुप्पट पाणी ससा पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

पिंजऱ्यांखाली जमिनीवर पांढुरके डाग दिसले आणि मी विचारलं. पाल्यात कॅल्शियम भरपूर असतं. इतर जनावरं गरजेपुरतंच कॅल्शियम आतड्यातून घेतात. ससा बहुतेक सगळं घेतो आणि नको असलेलं लघवीवाटे टाकतो. म्हणून लघवी गढूळ होते आणि वाळली की चुन्यासारखी खूण उरते. हे डाग पाहून घाबरायचं कारण नाही. मात्र खाद्यात वेगळा चुना किंवा शिंपल्यांची पूड घालायची गरज नाही, हे ते डाग सांगतात.

खोलीच्या कोपऱ्यात तराजू होता आणि भिंतीवर खडूने आकडे. दर रविवारी प्रत्येक पिंजऱ्यातल्या एका पिल्लाचं वजन लिहिलं जातं. रोज वीस-पंचवीस ग्रॅमने वाढत असेल तर आपल्या हवामानात ठीक. वाढ थांबली, कानाच्या मागचे किंवा पाठीवरचे केस विरळ दिसले, तर पाला लगेच कमी करतात. नवं खाद्य सुरू करताना जुन्यात थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवस घेतात. पोटातल्या जंतूंना सवय लागायला तेवढा वेळ जातो.

पाला पुरेसा नाही

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. पाल्याने खाद्याचा खर्च कमी होतो. विक्रीची हमी मिळत नाही. गेल्या काही वर्षांत 'ससे आमच्याकडून घ्या, पिल्लं आम्हीच परत घेऊ' असं सांगून महागडी युनिटं गळ्यात मारणाऱ्या योजनांनी अनेक घरं बुडवली. आपल्याकडे सशाच्या मांसाची मागणी मोजक्या गावांत, मोजक्या हॉटेलांत आहे. ती आधी पायी फिरून शोधावी, मग पिंजरे मांडावेत. रानातला ससा हा वेगळा प्राणी आहे आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे. पाळीव ससा युरोपातून आलेल्या जातीचा. जातिवंत पैदाशीसाठी केंद्र सरकारच्या मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं तामिळनाडूतलं मन्नवनूर केंद्र आहे. दलालाकडे जाण्याआधी तिथे चौकशी करावी.

ज्यांच्याकडे बाजार आहे, त्यांच्यासाठी बांधावरचं झाड ही खरी मदत आहे. ते पाण्याशिवाय जगतं, माणसाच्या तोंडचं धान्य वाचवतं आणि मोजून वापरलं तर जनावराला धार्जिणं पडतं. मोजायला मात्र कुणीतरी शिकवायला हवं. नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाला आणि पशुसंवर्धन खात्याला माझी विनंती आहे: सुबाभूळ, शेवगा, तुती या तीन झाडांच्या पाल्याचा नमुना तालुक्याच्या ठिकाणी तपासून मिळेल, एवढी सोय करा आणि किती टक्के वापरायचा ते एका कागदावर मराठीत छापून द्या. आणि ससे पाळणाऱ्यांनी तोवर पंधरा टक्क्यांची रेघ ओलांडू नये, दर आठवड्याला वजन करावं आणि वजन सांगेल तेच ऐकावं.